नाउ ऑर नेव्हरची पाटी

धुलाईखान्यात थोरलीला सगळे काकू म्हणत. धाकटी तिथे कामाला लागली आणि महिना उलटायच्या आत तिला सगळे मॅडम म्हणू लागले. काकू म्हणण्यात वाईट काही नाही, इतकी वर्षं थोरलीला ते गोडच लागत होतं. पण शेजारच्या खुर्चीत मॅडम येऊन बसली की काकू या शब्दाला एकदम फोडणीचा वास यायला लागतो, आणि थोरलीला तो दिवसभर येत असे.

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. एकच घर, एकच गॅस, एकच सासू. धाकटी पूर्वी एका कुरिअरच्या कचेरीत फोनवर बसायची. ती कचेरी बंद पडली आणि बाई घरी बसली. तेव्हा सासूबाईंनी लकडा लावला, "थोरले, तुझ्या त्या धुण्याच्या खात्यात लावून दे की हिला. तिथे तुझा शब्द कोण मोडतंय?" या शेवटच्या वाक्याला थोरली फसली. तिने खातं सांभाळणाऱ्या मेट्रनबाईंकडे शब्द टाकला, मेट्रनबाईंनी तो लगेच झेलला, आणि अशा रीतीने थोरलीने स्वतःच धोंडा उचलून, नीट नेम धरून, आपल्या पायावर मारून घेतला.

हा धुलाईखाना एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, बोळ संपतो तिथे होता. आत वाफ, साबणाचा उग्र वास, एक अजस्र मशीन, त्याच्या दोन बाजूंना किरकोळ कपड्यांची दोन लहान मशीनं आणि पलीकडे इस्त्रीचे रूळ. बोळाकडच्या भिंतीला एक खिडकी होती. वॉर्डावॉर्डातले मळके कपडे ढकलगाड्यांवरून त्या खिडकीशी येत आणि कुठली गाडी आधी मशीनला लागायची ते खिडकीतली बाई ठरवी. ही बाई म्हणजे थोरली. तिच्याकडे एक लाल फडकं असे. ते ज्या गाडीला बांधलं ती गाडी पुढे. साऱ्या खात्यात फडकं एकच, त्यामुळे एका वेळी घाईची गाडीही एकच. ते सुटून परत येईपर्यंत दुसऱ्या कुणाला घाई असायला बंदी होती. मग वॉर्डातली माणसं खिडकीशी येऊन लाडीगोडी लावत, "काकू, आज लाल आम्हाला द्या ना हो." कुणी बिस्किटाचा पुडा पुढे सरकवी, कुणी आपल्या पोरीच्या लग्नाची बातमी आधी काकूंच्या कानावर घाली. थोरली भुवई चढवून विचार केल्यासारखं करी, मग फडकं बांधी आणि आत आवाज देई, "लाल आली रे!" की पैलवान हातातलं टाकून धावलाच. पैलवान म्हणजे मोठं मशीन चालवणारा गडी. अंगाने इतका काटकुळा की ओली चादर उचलताना तो चादरीला उचलतोय की चादर त्याला, असा प्रश्न पडावा.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग रुग्णालयाची नवी इमारत उभी राहिली आणि तिथल्या सिस्टर आणि डॉक्टर मंडळींना खिडकीपर्यंत यायची सवय नव्हती. ते फोन करत आणि अर्धंमुर्धं इंग्रजीत बोलत. थोरली फोनवर "हो, हो, येस, येस" म्हणे आणि रिसीव्हर धाकटीच्या हातात देई. असं दोन-चार दिवस झाल्यावर मेट्रनबाईंनी फोन उचलून धाकटीच्या टेबलावरच ठेवला.

फोन गेला त्याचं थोरलीला फारसं वाटलं नाही. वाटलं ते पाट्यांचं. धाकटीने जाड पुठ्ठ्याच्या पाट्या कापल्या, त्यांना सुतळी ओवली आणि त्यांवर ठसठशीत इंग्रजी अक्षरांत लिहिलं. ॲट द अर्लिएस्ट, म्हणजे आजच्या आज. ॲज सून ॲज पॉसिबल, म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधी. आणि राइट अवे, म्हणजे आत्ता, मशीन रिकामं झाल्याक्षणी. वाचता न येणाऱ्यांसाठी खाली एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. गाडी आली की पाटी अडकवायची, बस. गड्यांना ही गोष्ट भलतीच आवडली. आता किती धावायचं ते आधीच कळत होतं, उगाच दरवेळी जीव काढायला नको. व्यवस्था चांगली होती हे खुद्द थोरलीलाही कळत होतं, आणि नेमकं तेच तिला खुपत होतं. भिकार असती तर तिने खुशाल हसून घेतलं असतं.

मग त्या शब्दांना पाय फुटले. पैलवान चहा मागताना म्हणू लागला, "एक कप, राइट अवे." इस्त्रीवाल्या बायका सुट्टीची वेळ झाली की ॲज सून ॲज म्हणून खिदळत. शब्द घरीही पोचले. सासूबाई खाटेवरून हाक मारत, "धाकटे, माझी गोळी गं, ते तुझं काय ते, राइट अवे!" आणि धाकटी हसत गोळी घेऊन जाई. गेली कित्येक वर्षं सासूबाईंची गोळी थोरली देत होती. न मागता देत होती, न चुकता देत होती. पण बिनमागता दिलेल्या गोळीवर कोण हसतंय?

थोरलीच्या अंगाचा तिळपापड होई. धाकटी फोन उचलायची तेव्हा तिचा आवाज मऊ व्हायचा, थोडा खाली उतरायचा, "शुअर सिस्टर, राइट अवे." थोरली कान तिकडे आणि डोळे भलतीकडे ठेवून ऐके. एकदा आसपास कुणी नाही असं पाहून तिनेही तसा आवाज काढून बघितला. तो घशात अडकला आणि खोकल्याची उबळ आली. तेवढ्यात धाकटीच पाण्याचा पेला घेऊन धावत आली. "ताई, बरं वाटत नाही का?" थोरली ते पाणी प्यायली, पण त्याचा घोटन्‌घोट तिला बोचला. बाई उद्धट असती, आळशी असती, गेला बाजार थोडी तरी लबाड असती, तरी थोरलीचं निभलं असतं. ही आपली चांगलीच. आणि चांगल्या माणसावर जळायचं म्हणजे चोरून जळावं लागतं.

लाल फडकं खणात पडून होतं. एक दिवस पैलवानाने ते काढून मशीनची काच पुसली. थोरलीने पाहिलं. तिने ते धुतलं, वाळवलं, घडी घालून पिशवीत टाकलं आणि घरी नेऊन कपाटात साड्यांच्या तळाशी ठेवून दिलं.

अशात मेट्रनबाईंनी दोघींना बोलावून घेतलं. "खिडकीत यापुढे एकीचंच काम आहे," त्या म्हणाल्या. "दुसरीने आत घड्या घालायला जायचं. वरचे साहेब पाहणीला येतायत. ती एकदा पार पडू दे, मग सांगते कोण कुठे." बोलताना त्यांनी दोघींकडे सारखंच पाहिलं असेल, पण थोरलीला वाटलं की नजर धाकटीवर जरा जास्त रेंगाळली.

घड्यांच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथे बायका भिंतीकडे तोंड करून उभ्या असत आणि संध्याकाळी पाय सुजलेले घेऊन घरी जात. पण पायांचं एक वेळ सोडा. खिडकीतून उठायचं आणि तेही आपणच आणलेल्या जावेसाठी, या विचाराने थोरलीला जेवण जाईना. आयुष्यात तिला कुणी विचारलं असेल तर त्या खिडकीत विचारलं होतं. घरी तिला सगळे सांगत, विचारत कुणी नव्हतं.

मग तिने आपल्या लेकीला गाठलं. लेक कॉलेजात होती, इंग्रजी बरं होतं.

"घाईचं इंग्रजी सांग मला."

"कसली घाई आई?"

"मोठ्यातली मोठी. तुझ्या काकूच्या पाटीच्या वरची."

लेकीला सगळं कळलं, पण आईचा चेहरा पाहून ती हसली नाही. "विदाउट डिले," ती म्हणाली. "इट कान्ट वेट. द सूनर द बेटर. टाइम इज रनिंग आउट."

"अजून वर?"

"अजून वर म्हणजे... नाउ ऑर नेव्हर."

"त्याचा अर्थ?"

"आत्ता, नाहीतर कधीच नाही."

थोरलीचा चेहरा उजळला. याच्या वर तर काही असणंच शक्य नव्हतं. त्या संध्याकाळी तिने भांडी घासता घासता घोकंपट्टी लावली. नवरा पाणी प्यायला आला, दाराशी थबकला आणि म्हणाला, "तुला कुठे जायचंय का?" थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी न पिताच परत गेला.

दुसऱ्या दिवशी तिने आपली पाटी केली. लेकीने लिहून दिलेली अक्षरं तिने जीभ दातांत धरून गिरवली आणि खाली चार रेघा ओढल्या. मग बाळंतिणींच्या वॉर्डाच्या गाडीला ती ऐटीत अडकवली. पैलवान आला, पाटीकडे बघत उभा राहिला, मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. त्याने रेघा मोजल्या. आणि मग तो खिडकीत न येता सरळ धाकटीच्या टेबलाशी गेला.

"मॅडम, हे राइट अवेच्या वरचं का खालचं?"

धाकटीने पाटी पाहिली, थोरलीकडे पाहिलं. "वरचं धरा," ती म्हणाली. "काकूंनी लावलीय ना? मग वरचंच."

आता यात धाकटीचं काय चुकलं? काहीच नाही. पण आपल्या पाटीला तिची परवानगी लागली, आणि तिने ती दिली, तीही इतक्या मोठ्या मनाने, हे थोरलीच्या काळजात रुतलं ते रुतलंच.

पाहणीचा दिवस उजाडला. सकाळी वरून निरोप आला की साहेबांसोबत फिरणाऱ्या सगळ्या डॉक्टरांचे पांढरे कोट दुपारच्या आत तयार हवेत. कोटांची गाडी थोरलीच्या वाट्याला आली आणि तिने मनाशी ठरवलं, हे कोट असे झळकले पाहिजेत की मेट्रनबाईंनी विचारावं, हे कुणी करून घेतलं? तिने आपली पाटी लावली. पण तिच्या आधी, अगदी मशीनच्या तोंडाशी, एक गाडी उभी होती. मुलांच्या शस्त्रक्रियागृहातल्या हिरव्या चादरी आणि डगले. त्यावर धाकटीची तीन रेघांची पाटी, राइट अवे. मोठं मशीन रिकामं होत आलं होतं आणि एका वेळी एकच गाडी आत जाणार होती.

चार रेघा तीन रेघांच्या पुढे जायला हव्या होत्या. पण थोरलीला पक्कं ठाऊक होतं की पैलवान पुन्हा मॅडमला विचारायला जाणार, आणि या खेपेला मॅडम म्हणणार, आधी शस्त्रक्रियेचं. धाकटी तेवढ्यात मेट्रनबाईंच्या बोलावण्यावरून वर गेली होती. थोरलीने इकडेतिकडे पाहिलं. हिरव्या गाडीवरची पाटी काढून टेबलावर ठेवली आणि तिच्या जागी एका रेघेची अडकवली. ॲट द अर्लिएस्ट. आजच्या आज झालं म्हणजे झालं. शस्त्रक्रियागृहात चार जोड जास्तीचे असतातच, एवढं तर तिला माहीत होतं. आपण कुणाचं वाईट करतोय असं तिच्या मनातही आलं नाही. मनात फक्त कोट होते.

कोट आत गेले. हिरवी गाडी भिंतीला लागली, आणि तिच्या पुढे दोन रेघांच्या गाड्या येत राहिल्या. धाकटी पाहणीच्या गडबडीत वरच अडकून पडली होती.

दुपार कलायला लागली तेव्हा खिडकीशी एक माणूस येऊन उभा राहिला. साधा माणूस, शर्टाची बाही एका बाजूने ओली, पायांत दोन वेगळ्या चपला. घरून निघताना हाताला आल्या त्या घातलेल्या असणार.  आपल्याआधी कुणी असेल तर त्याचं होऊ द्यावं, असा उभा होता.

"काय पाहिजे?" थोरलीने विचारलं.

"ते वर म्हणाले की कपडे खाली अडकलेत," तो म्हणाला. "मुलाच्या हाताचं ऑपरेशन आहे. सकाळचं होतं. आता कपडे आले की घेतो म्हणाले."

"जास्तीचे असतात ना वर?"

"काल रात्री कुठलातरी अपघात आला म्हणे. सगळे वापरले गेले." त्याने ओली बाही वर सारली. "मी घाई करत नाही बाई. तुमची कामं असतील. फक्त तो पाणी मागतोय, आणि द्यायचं नाही म्हणतात. रात्रीपासून उपाशी आहे. म्हणून म्हटलं, साधारण किती वेळ असेल ते कळलं तर त्याला सांगता येईल."

 थोरली उठली ती खुर्ची पाडूनच उठली. आत जाऊन तिने स्वतः हिरवी गाडी ओढत मशीनपाशी आणली, पैलवानाला हाका मारल्या, त्या कुठल्या भाषेत मारल्या तिलाही आठवत नाही. मशीन चालू होतं आणि मध्येच उघडत नव्हतं. ती काचेला हात लावून उभी राहिली आणि आत गरगरणाऱ्या कपड्यांना शिव्या देऊ लागली. मग धुणं झालं, वाळवणं झालं, दमट राहिलेल्या चादरी तिने इस्त्रीच्या रुळातून स्वतः काढल्या, बोटं भाजली तरी सोडल्या नाहीत. गठ्ठा छातीशी धरून ती कपडे निर्जंतुक करणाऱ्या वाफेच्या पेट्यांच्या खोलीपर्यंत पळत गेली. पळायचं वय तिचं राहिलेलं नव्हतं. बोळातली माणसं बाजूला होऊन बघत राहिली.

ऑपरेशन संध्याकाळी झालं. नीट झालं.

पाहणीही नीट झाली होती. कोट पांढरेशुभ्र होते आणि ते कुणी करून घेतले हे कुणीही विचारलं नाही. साहेब गेल्यावर मात्र मेट्रनबाई खाली आल्या. त्यांच्या हातात ती एका रेघेची पाटी होती.

"शस्त्रक्रियेच्या गाडीला ही कुणी लावली?"

 पैलवान पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता.  थोरली खिडकीकडे बघत होती.

"चूक माझी आहे," धाकटी म्हणाली. "फोन बरेच येत होते. माझ्याकडून पाट्यांची अदलाबदल झाली."

तिने आपली तीन रेघांची पाटी टेबलावर पडलेली पाहिली असणार. पाटी आपोआप काही तिथे जात नाही. धाकटीला सगळं समजलं होतं, तरी ती मान खाली घालून उभी होती. इस्त्रीवाल्या बायका हळहळल्या. पैलवान म्हणाला, "बाई, एवढ्या धबडग्यात होतं कधी असं. मॅडम कधी चुकत नाहीत." मेट्रनबाईंचा आवाजसुद्धा उतरला. "निदान कबूल तरी केलंस," त्या म्हणाल्या.

थोरलीने हे सगळं ऐकलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. फोन घेतला, गडी घेतले, सासू घेतली, आणि आता माझी चूकही हिनेच घेतली! आणि घेऊन वर तिच्यावर शाबासकीही मिळवली! उद्या घरी सासूबाईंना हे कळणार, आणि मग जन्मभर ऐकायचं, धाकटीचं मन केवढं.

"ती तिची नाही!" थोरली ओरडली. "माझी आहे ती! मी काढली पाटी, मी लावली. हिचा काही संबंध नाही. हिने उगाच मध्ये पडू नये!"

एवढ्या तावातावाने कुणी आपली चूक मागून घेताना त्या खात्यात कुणी पाहिलं नव्हतं. मेट्रनबाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी ‘का?’ असं विचारलं आणि थोरलीने कोटांचं सांगितलं. जळण्याचं सांगितलं नाही, पण ते कुणाला दिसत नव्हतं असं नाही. उद्यापासून घड्यांच्या खोलीत, असं मेट्रनबाई म्हणाल्या आणि पाटी टेबलावर ठेवून निघून गेल्या.

दोघी जावा बोळातून निघाल्या. रोज एकत्रच घरी जात, त्यामुळे आज वेगळं जावं तरी कसं? जिन्याशी आल्यावर थोरली थांबली.

"का घेतलीस गं माझी चूक?"

"खरं सांगू ताई?" धाकटी म्हणाली. "तुम्ही खिडकीतून उठलात तर लोक म्हणणार, थोरलीने हिला आणलं आणि हिने थोरलीलाच हुसकावलं. घरी सासूबाईही तेच म्हणणार. मला ते ऐकून घ्यायचं नव्हतं."

"म्हणजे माझ्यासाठी नाही केलंस?"

"थोडं तुमच्यासाठी. जास्त माझ्यासाठी."

थोरलीने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. दमलेली होती, केस विस्कटलेले, ओठ कोरडे. "मग बरं," थोरली म्हणाली, आणि तिला खरोखरच बरं वाटलं. मग तिने पिशवी धाकटीच्या हातात दिली. "तू हो पुढे. मी आले."

मुलांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. बाहेरच्या बाकावर तो माणूस बसला होता. तिला पाहताच उठून उभा राहिला.

"बाई, तुम्ही फार धावपळ केलीत," तो म्हणाला. "सिस्टर सांगत होत्या, स्वतः पळत घेऊन आलात."

याच बोलण्यासाठी थोरली इतके दिवस भुकेली होती. बोळात दोन नर्सा होत्या आणि त्याही ऐकत होत्या. थोरलीने पदराने कपाळ पुसलं.

"दादा, उशीर माझ्यामुळे झाला," ती म्हणाली. "तुमच्या मुलाची गाडी मी मागे टाकली होती. मुद्दाम टाकली."

 ती शिवीची वाट बघत होती, निदान एखाद्या वाईट शब्दाची. त्याने दाराकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"आता पाणी द्यायला सांगितलंय," तो म्हणाला. "हळूहळू द्या म्हणालेत, चमच्याने. आमच्याकडे चमचा नाहीये."

थोरली चमचा आणायला खाली गेली.